मेलेली वेबसाइट परत उठली, तर ती कोणी उठवली हे कसं शोधायचं

आमच्या काकांचं नाव त्या वेबसाइटवर पुन्हा दिसलं, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. नावाखाली ऑगस्ट २०२४ ची तारीख होती.

मी वाईत मुद्रितशोधनाचं काम करते. २००६ साली आम्ही आठ-दहा जणांनी मिळून सह्याद्रीतल्या घाटवाटांची एक मराठी वेबसाइट सुरू केली होती. काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. सगळा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला, त्यामुळे घाटवाटसुद्धा ते मोजूनच लिहायचे. चालून आले की वही माझ्याकडे द्यायचे, मी टाइप करून, तपासून चढवायचे. २०१६ नंतर साइट थंडावली आणि २०२२ मध्ये एक दिवस उघडेनाशीच झाली.

मग २०२४ च्या दिवाळीत भाच्याचा फोन आला. "मावशी, हत्तीच्या सोंडेवरून उतरायचं म्हणजे नेमकं कुठून गं?" मी त्याला लिंक पाठवायला सांगितलं. पत्ता आमचाच, वरचं चित्र आमचं, लेखाखाली काकांचं नाव. काकांनी लिहिलं होतं, "डाव्या सोंडेवरून उतरावे." डोंगराची सोंड. कुठल्या तरी यंत्रानं मजकूर इंग्रजीत नेऊन परत मराठीत आणला होता आणि डोंगराला हत्ती जोडला होता. त्याच्या खालची ओळ वाचून मात्र माझे हात गार पडले. काकांची ओळ होती, "टाक्यात पाणी फेब्रुवारीअखेर. पुढे भरवसा धरू नये." नव्या साइटवर होतं, "फेब्रुवारीनंतर टाक्यातील पाण्याचा भरवसा धरता येतो." एप्रिलच्या उन्हात कोणी हे वाचून एकच बाटली घेऊन चढलं असतं तर?

ही साइट कोणी उठवली, हे शोधायला मला अडीच महिने लागले. मी संगणकातली तज्ज्ञ नाही. पण प्रूफ वाचायची सवय इथे फार कामाला येते: दोन प्रती शेजारी ठेवायच्या आणि कुठे काय बदललंय ते पाहायचं. ज्या क्रमानं मी गेले आणि ज्या क्रमानं जायला हवं होतं, ते दोन्ही सांगते.

सगळ्यात आधी कोणालाही ईमेल करू नका. आमच्यातल्या एकानं रागाच्या भरात साइटवरच्या संपर्काच्या पानावरून खरमरीत मजकूर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी 'आमच्याविषयी' हे पान गायब झालं. नशिबानं मी ते आदल्या रात्री साठवून ठेवलं होतं. पुरावा आधी, प्रश्न नंतर. जुलै २०२४ मध्ये ॲपलच्या बातम्या देणारी 'टीयूएडब्ल्यू' ही २०१५ साली बंद पडलेली साइट अशीच उठली. जुन्या लेखकांच्या नावांखाली यंत्रानं लिहिलेला मजकूर आणि बनावट चेहरे लावलेले होते. पूर्वी तिथे लिहिणाऱ्या क्रिस्टिना वॉरन यांनी जाहीर तक्रार केली आणि बघता बघता नावं बदलली गेली. ज्यांनी आधीच पानं टिपून ठेवली होती, त्यांच्याच हातात काही उरलं.

साठवायचं कसं? इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था जुनी वेबपानं जपते. तिच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' म्हणून सोय आहे. पत्ता टाकला की त्या क्षणाचं पान तारीख-वेळेसकट नोंदलं जातं. त्या पानाच्या पत्त्यात चौदा अंकी आकडा येतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली हवी असेल तर साडेपाच तास मिळवायचे. पण तेवढ्यावर थांबू नका. साइटचा मालक आपली पानं तिथून काढून टाकण्याची विनंती करू शकतो. म्हणून ब्राउझरमधून पूर्ण पान आपल्या संगणकावर उतरवा, पत्त्याची पट्टी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि पानाचा 'सोर्स', म्हणजे पानामागचा संगणकी मजकूर, तोही वेगळा साठवा. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संपर्क, गोपनीयता धोरण, अटी, परतावा धोरण, प्रत्येक लेखकाचं पान. सगळं.

दुसरं काम तारखांचं. मी एका वहीत उभी रेघ मारली. डावीकडे तारीख, उजवीकडे काय दिसलं आणि ते कुठून कळलं.

इथे डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवून घेतलेला पत्ता, मरतं कसं हे समजून घ्यावं लागतं, कारण अर्धा तपास त्यात आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) त्याला ४५ दिवसांपर्यंत सवलतीत ठेवू शकतो. मग ३० दिवस सोडवून घेण्याची मुदत, त्यात दंड भरून मूळ मालकाला ते परत घेता येतं. मग ५ दिवस 'पेंडिंग डिलीट', म्हणजे पुसलं जायची वाट. त्यानंतर ते मोकळं होतं आणि अशा डोमेनवर टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रं काही क्षणांत ते उचलतात. बरेच रजिस्ट्रार एवढं थांबतही नाहीत, मुदत संपली की लिलाव लावतात.

यातून एक खूण हाती येते. डोमेन पूर्ण मोकळं होऊन पुन्हा घेतलं गेलं असेल, तर त्याची निर्मितीची तारीख नवी पडते. विकलं गेलं असेल किंवा लिलावात गेलं असेल, तर जुनीच राहते. ही तारीख आयकॅन या डोमेनांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर फुकट मिळते. पूर्वी याला हू-इज म्हणत. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी आरडॅप ही नवी पद्धत अधिकृत झाली आहे. मालकाचं नाव तिथे दिसेल अशी आशा ठेवू नका. लोकांची खाजगी माहिती जपणारा युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला आणि तेव्हापासून बहुतेक नावं झाकली गेली. पण तारखा, रजिस्ट्रार आणि नेमसर्व्हर (पत्ता कुठल्या संगणकाकडे न्यायचा हे सांगणारी यंत्रणा) अजून उघडे असतात. डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे गेल्याची नोंदही कधीकधी असते.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण याची मला आजही टोचणी आहे. डोमेन आमच्या एका मित्राच्या नावावर होतं. साइट उठलेली दिसल्यावर आमच्यातल्या निम्म्यांनी ठरवूनच टाकलं की त्यानं ते विकलं. मीही मनात तेच धरलं होतं. तीन आठवडे त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. मग मी आरडॅप उघडलं. निर्मितीची तारीख १७ मार्च २०२२. आमचं डोमेन २००६ चं, दरवर्षी २७ डिसेंबरला नूतनीकरण व्हायचं. मी कॅलेंडर घेऊन बोटांनी मोजलं: २७ डिसेंबर २०२१ पासून ४५, मग ३०, मग ५. ऐंशीवा दिवस बरोबर १७ मार्च येतो. त्यानं विकलं असतं तर तारीख २००६ चीच राहिली असती. डोमेन त्याच्या जुन्या नोकरीतल्या ईमेलवर नोंदलेलं होतं आणि ती नोकरी सुटल्यावर आठवणीच्या सूचना कोणीच न उघडणाऱ्या खात्यात जात राहिल्या. त्या रात्री मी त्याला फोन करून माफी मागितली. म्हणून सांगते, ही तारीख पहिल्याच दिवशी बघा. संशय माणसावर जायच्या आत.

वहीतली पुढची नोंद वेबॅक मशीनच्या कॅलेंडरची. २०२२ आणि २०२३ मध्ये आमच्या पत्त्यावर नुसतं 'हे डोमेन विक्रीला आहे' असं पान होतं. मे २०२४ मध्ये रजिस्ट्रार बदलल्याची नोंद आरडॅपमध्ये होती. म्हणजे डोमेन पकडणारा एक आणि साइट उठवणारा दुसरा. हे दोघे वेगळे असू शकतात हे लक्षात आलं नाही, तर माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

तिसरी खूण सुरक्षा प्रमाणपत्रांची. काही ब्राउझरांत पत्त्याच्या डावीकडे दिसणारं कुलूप ज्या प्रमाणपत्रामुळे येतं, ती प्रमाणपत्रं जाहीर नोंदवह्यांत चढवली जातात. 'सीआरटी डॉट एसएच' या साइटवर डोमेन टाकलं की यादी मिळते. आमच्या डोमेनसाठी ९ जून २०२४ ला एक प्रमाणपत्र निघालं होतं, त्यात पुढे 'टेस्ट' जोडलेला एक उपपत्ता होता. काम सुरू कधी झालं ते त्यावरून कळलं. एकाच प्रमाणपत्रावर दोन-तीन डोमेनं दिसली तर ती टिपून ठेवा. पण जुन्या काळी क्लाउडफ्लेअरसारख्या, साइटना संरक्षण देणाऱ्या सेवा एकमेकांशी संबंध नसलेली डझनावारी डोमेनं एकाच प्रमाणपत्रावर घालत, तेव्हा लांबलचक यादी दिसली तर तिच्यावरून काही ठरवू नका. आयपी पत्त्याचंही, म्हणजे साइट ज्या संगणकावर असते त्याच्या क्रमांकाचंही, तेच. स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, एका पत्त्यावर शेकडो साइट नांदतात. शेजार म्हणजे नातं नव्हे.

मला सगळ्यात जास्त सापडलं ते पानाच्या सोर्समध्ये. संगणकावर कंट्रोल आणि यू दाबा. समोर येणाऱ्या अक्षरांना घाबरू नका. सगळं वाचायचं नसतं, शोधायचं असतं. मी आधी 'अर्काइव्ह' हा इंग्रजी शब्द शोधला. वेबॅक मशीन आपल्याकडून पान देताना त्याच्या तळाशी एक शेरा घालतं: हे पान कधी नोंदलं आणि अर्काइव्हमधून कधी काढून घेतलं. ज्यांनी आमची पानं तिथून उचलली, त्यांनी दोन पानांवरचा तो शेरा पुसलाच नव्हता. काढल्याची तारीख ११ जून २०२४. प्रमाणपत्रानंतर दोनच दिवसांनी. आमच्या मूळ फायली कोणाकडे गेल्या नव्हत्या, मजकूर अर्काइव्हमधून खरवडला होता, हे तिथेच सिद्ध झालं.

मग पैशाची वाट. साइट कोणासाठी चालते हे जाहिराती सांगतात. साइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन 'ॲड्स डॉट टीएक्सटी' असं इंग्रजीत टाका. ही साधी मजकुराची फाइल २०१७ पासून वापरात आहे. या साइटवरची जाहिरातीची जागा विकायचा अधिकार कोणाला आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. एका ओळीत चार गोष्टी: जाहिरात कंपनीचा पत्ता, खात्याचा क्रमांक, 'डायरेक्ट' (खातं साइट चालवणाऱ्याच्याच ताब्यात) किंवा 'रीसेलर' (मधला विक्रेता) हा शब्द, आणि शेवटी एक सांकेतिक क्रमांक. इथे नवखा माणूस हमखास चुकतो, मीही चुकले. गूगलच्या ओळीतला तो शेवटचा, 'एफ शून्य आठ सी'नं सुरू होणारा क्रमांक मी शोधत बसले आणि जगातल्या असंख्य साइट त्या एकाच माणसाच्या आहेत असं मला वाटायला लागलं. तो क्रमांक गूगलचा स्वतःचा आहे, सगळ्यांच्या फाइलीत सारखाच. आपल्याला हवा तो 'पब' या अक्षरांपुढचा सोळा अंकी क्रमांक, आणि तोही 'डायरेक्ट' लिहिलेल्या ओळीतला. 'रीसेलर'च्या ओळी हजारो साइट एकमेकींच्या फाइलीतून जशाच्या तशा उचलतात, त्यांना पुराव्याची किंमत नाही.

तो सोळा अंकी क्रमांक अवतरणचिन्हांत घालून शोधला. सोर्समध्ये शोधून देणाऱ्या सेवाही आहेत, त्यांवर टाकला. सहा साइट मिळाल्या. एका बंद पडलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची, एक पाककृतींची, एक कुठल्याशा गावच्या यात्रेची. सगळ्या कधीतरी कोणाच्या तरी होत्या. प्रत्येकीत लोकांची नावं होती. ती यादी बघून मला रडू आलं, खरं सांगते.

गूगल ॲनालिटिक्स या, साइटवरच्या वाचकांची मोजदाद करणाऱ्या सेवेचा क्रमांकही असाच वापरतात. जुन्या 'यूए' क्रमांकात मधला आकडा खात्याचा आणि शेवटचा त्या खात्यातल्या साइटचा असे. मधला आकडा सारखा, तर खातं एकच. २०१५ साली लॉरेन्स अलेक्झांडर या संशोधकानं याच आकड्यावरून रशियाची बाजू मांडणाऱ्या साइटचं एक जाळं उलगडलं होतं. ती जुनी पद्धत १ जुलै २०२३ ला गूगलनं थांबवली, पण अर्काइव्हमधल्या पानांत ते आकडे अजून पडून आहेत. साइट मधल्या काळात कोणाकडे होती हे बघताना ते कामी येतात.

लेखकांच्या नावांकडे शांतपणे बघा. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल तर पानावर दिसणारं नाव बदलता येतं, पण लेखकाच्या पानाच्या पत्त्यातलं नाव बऱ्याचदा जुनंच राहतं. फोटो उलट शोधात टाका, म्हणजे तो आणखी कुठे आहे ते दिसतं. 'दि हेअरपिन' ही बायकांनी चालवलेली अमेरिकन साइट २०१८ साली बंद झाली. २०२४ च्या जानेवारीत 'वायर्ड' मासिकानं दाखवून दिलं, की सर्बियातल्या एका व्यावसायिकानं ती उठवली आणि काही जुन्या लेखांवरची लेखिकांची नावं काढून पुरुषांची लावली. आणि आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे खोट्या माहितीचा माग काढणाऱ्या युरोपातल्या 'ईयू डिसइन्फोलॅब' या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये उघड केलेलं जाळं. दिल्लीच्या श्रीवास्तव ग्रुपपर्यंत त्यांनी माग काढला. ७५० हून अधिक बनावट माध्यमं, ५५० हून अधिक डोमेनं आणि त्यांच्या जोडीला उठवलेल्या मृत संस्था. त्यांतल्या एका संस्थेशी निगडित असलेले लुई सोन हे कायद्याचे प्राध्यापक २००६ साली वारले होते. तरी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतल्या उपस्थितांत त्यांचं नाव होतं. मेलेल्या माणसाचं नाव वापरणं किती सोपं आहे हे वाचलं, तेव्हा मला आमच्या काकांच्या नावाखालची ती तारीख आठवली.

क्रमांकावरून जाळं कळतं, नाव कळत नाही. नाव कागदावर असतं. जोडलेल्या साइटपैकी एक तरी बऱ्याचदा काहीतरी विकत असते आणि विकणाऱ्याला परतावा धोरण द्यावं लागतं. आमच्या सहापैकी एक साइट परीक्षांच्या टिपणांची पुस्तकं विकत होती. तिच्या परताव्याच्या पानावर जीएसटी क्रमांक होता. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकटी व्यक्ती. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणीची तारीख मिळते. चौथं अक्षर सी होतं, म्हणून मी एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर गेले. दुसऱ्या राज्यातली, इंटरनेट मार्केटिंग करणारी एक छोटी खाजगी कंपनी. कंपनी ब्रिटनमधली असेल तर तिथल्या कंपनीज हाउसच्या साइटवर, मागचा खरा ताबा कोणाचा हेही फुकट बघायला मिळतं.

इथे थांबून मी वही पुन्हा वाचली आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहिलं: 'प' म्हणजे पक्कं, 'श' म्हणजे शक्य, 'अ' म्हणजे नुसता अंदाज. जाहिरातीचं खातं एकच, हे पक्कं. ते खातं त्या कंपनीचंच, हे फक्त शक्य. कारण एखादी एजन्सी आपलं खातं गिऱ्हाइकांच्या साइटवर लावू शकते. मग मी आणखी एक धागा शोधला. आमच्या उठवलेल्या साइटच्या आणि त्या पुस्तकांच्या साइटच्या अटींच्या पानावर न्यायालयाचं एकच शहर आणि एकाच वाक्यात एकच टायपिंगची चूक होती. ते वाक्य अवतरणात घालून शोधलं, तर दुसरीकडे कुठेच नव्हतं. वेगवेगळ्या जातीचे दोन पुरावे एकाच दारात आले, तेव्हाच मी 'श' खोडून 'प' केलं.

काही गोष्टी करू नका. पासवर्डचा अंदाज घेऊन आत शिरू नका, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली तो तुमचाच गुन्हा ठरू शकतो. खोट्या नावानं गिऱ्हाईक बनून बोलू नका. संचालकाच्या घराचा पत्ता सापडला तरी तो कुठे टाकू नका, त्याच्या घरच्यांनी काही केलेलं नसतं.

पत्र मात्र जरूर पाठवा, आणि त्यात आरोपाऐवजी प्रश्न विचारा. आमचं पत्र काकांच्या मुलीच्या सहीनं गेलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो. कलम ५७ वेगळंच सांगतं: आपलं लेखन आपल्या नावावर राहावं आणि ते कोणी नाव खराब होईल असं मोडूतोडू नये, हा लेखकाचा हक्क आहे. तो त्याच्यामागे वारसांनाही चालवता येतो. पत्रात तिनं दोन ओळी शेजारी शेजारी छापल्या, वडिलांची पाण्याची ओळ आणि साइटवरची. हेच पुरावे जोडून गूगलला शोधातून पान काढायची कॉपीराइट तक्रार, होस्टिंग कंपनीला तक्रार आणि जाहिरात खात्याबद्दलची तक्रार अशी तीन पत्रं वेगळी पाठवली. साइट बातम्या देत असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर असलाच पाहिजे. नसेल तर तेही लिहा.

डोमेन परत मिळवणं वेगळं प्रकरण आहे. डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तंटा सोडवायच्या पद्धती आहेत, पण नावावर ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) यूडीआरपीचं शुल्क एका पंचासाठी १५०० डॉलरपासून सुरू होतं. आमच्याकडे ट्रेडमार्कही नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते.

कंपनीचं उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी काकांचं नाव लेखावरून गेलं, लेख तसाच. तीन आठवड्यांनी गूगलच्या शोधातून ते पान निघालं. माझ्या वहीतली पुढची सगळी कामं आता मूळ मजकूर परत उभा करायची आहेत. काकांच्या वह्या मुलीकडे होत्या, त्यांतून घाटवाटा मी पुन्हा टाइप करते आहे. नवं डोमेन घेतलंय, एका वेळी जास्तीत जास्त घेता येतं तेवढ्या दहा वर्षांसाठी. नूतनीकरणाच्या सूचना तिघांच्या ईमेलवर येतात. पहिला ईमेल त्या मित्राचा आहे. पहिलं पान चढवलं तेही त्यानंच: "टाक्यात पाणी फेब्रुवारीअखेर. पुढे भरवसा धरू नये."